वाटी भरलेली, हाडं रिकामी

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या आम्हा पशुवैद्यकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "खायला काय देता?" त्याचं उत्तरही बहुधा ठरलेलंच असतं. "डॉक्टर, खाण्यापिण्याची काही आबाळ नाही. वाटी कधी रिकामी राहू देत नाही." हे सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. वाटी खरोखरच काठोकाठ भरलेली असते, पाणी रोज बदललेलं असतं, पिंजराही स्वच्छ असतो. तरीसुद्धा त्या पिंजऱ्यातली मादी अंडं घालताना अडते, पिल्लांचे पाय फाकलेले निघतात, किंवा चांगला बोलणारा पक्षी एके दिवशी झटका येऊन दांडीवरून खाली पडतो.

असं का होतं? कारणं अनेक असू शकतात. पण त्यातलं एक कारण असं आहे, की जे घरच्या घरी आणि जवळजवळ फुकटात टाळता येतं. ते म्हणजे आहारातली कॅल्शियमची कमतरता. आज मी तेवढ्या एकाच विषयावर बोलणार आहे.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करते. पाळीव पक्षी म्हणजे आपल्या रानात, झाडांवर दिसणारे पक्षी नव्हेत. आपला हिरवा पोपट, मुनिया यांसारखे इथले पक्षी घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. मी बोलते आहे ते पिंजऱ्यातच पैदास होणाऱ्या परदेशी जातींबद्दल. त्यात सगळ्यात जास्त घरांत असतो तो बजरीगर. आपल्याकडे दुकानदारापासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे त्याला 'लव्हबर्ड' म्हणतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. हा छोटा, लांब शेपटीचा, हिरवा-निळा-पिवळा पक्षी ऑस्ट्रेलियातला आहे. त्याशिवाय तुरेवाला कॉकाटील, इवलासा झेब्रा फिंच आणि हौशी घरांतून राखाडी रंगाचा आफ्रिकन ग्रे. या सगळ्यांचा खाण्याचा प्रश्न थोड्याफार फरकाने सारखाच आहे.

कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं आठवतात. ते बरोबरच आहे. पण कॅल्शियमचं काम तेवढ्यावर संपत नाही. स्नायू आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं, मज्जातंतूंचे संदेश नीट जायला लागतं, रक्त गोठायला लागतं. रक्तातलं त्याचं प्रमाण एका मर्यादेखाली गेलं तर जीव धोक्यात येतो. म्हणून शरीर काय करतं, तर आहारातून मिळालं नाही की हाडांतून काढून रक्तात आणतं. हाड म्हणजे एक प्रकारची बँकच. रोज थोडं काढत राहिलं आणि भरणा केलाच नाही, तर कधीतरी खातं रिकामं होणार. आणि खातं रिकामं होईपर्यंत बाहेरून काहीच दिसत नाही. पक्षी खातो, ओरडतो, उड्या मारतो.

आता यात अंड्याची भर घाला. अंड्याच्या कवचाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचाच असतो. कोंबडीला एका अंड्यावर कवच चढवायला सुमारे वीस तास लागतात. त्यातले बरेचसे तास रात्रीचे, म्हणजे पोट रिकामं असतानाचे. मग हा चुना येतो कुठून? निसर्गाने त्याची सोय केलेली आहे. अंडी घालण्याआधी मादीच्या लांब हाडांच्या पोकळीत एक खास प्रकारचं तात्पुरतं हाड तयार होतं. कवचासाठी लागणारा चुना साठवायची ती कोठी. ही व्यवस्था किती जुनी असावी? २००५ साली मेरी श्वाइट्झर या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टायरॅनोसॉरस रेक्स या डायनोसॉरच्या सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वीच्या हाडात अशाच प्रकारची रचना आढळल्याचं प्रसिद्ध केलं. तुमच्या गॅलरीतल्या बजरीगर मादीच्या मांडीच्या हाडात जे चालतं, त्याचं मूळ इतकं मागे जातं.

पण कोठी भरायला धान्य घरात यावं लागतं. जरा हिशेब करू. बजरीगर मादीचं वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम. तिचं एक अंडं सुमारे दोन ग्रॅमचं. एका वेळी ती दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी घालते. पाच अंडी धरली तर दहा ग्रॅम झाले. ३५ ग्रॅमच्या जिवाने दहा दिवसांत दहा ग्रॅम बाहेर काढायचे. पन्नास किलो वजनाच्या बाईच्या मापात सांगायचं तर चौदा किलो!

आता त्यातल्या चुन्याचा हिशेब. कोंबडीच्या अंड्यात कवच साधारण दहावा भाग असतं. बजरीगरचं कवच अगदी पातळ, वजनाच्या विसावा भागच धरलं, तरी दोन ग्रॅमच्या अंड्याला शंभर मिलिग्रॅम कवच झालं आणि त्यात चाळीस मिलिग्रॅम कॅल्शियम. दुसऱ्या बाजूला वाटीत काय आहे? राळा, ज्याला पक्ष्यांचे दुकानदार कांगणी म्हणतात. शंभर ग्रॅम राळ्यात कॅल्शियम असतं सुमारे ३० मिलिग्रॅम. आपला पक्षी दिवसाला पाच-सहा ग्रॅम दाणे खातो. म्हणजे दिवसाकाठी त्याच्या पोटात दोन मिलिग्रॅमसुद्धा कॅल्शियम जात नाही. एका अंड्याच्या कवचासाठी वीस दिवसांचे दाणे! आणि ती तर दिवसाआड अंडं घालते आहे.

बरं, जे थोडंफार जातं तेही सगळं अंगी लागत नाही. दाण्यांमध्ये फॉस्फरस भरपूर असतो. राळ्यात कॅल्शियमच्या नऊपट फॉस्फरस आहे. सूर्यफुलाच्या बियांतही प्रमाण तसंच विषम. शरीराला हवं असतं नेमकं उलट, फॉस्फरसच्या दीड-दोनपट कॅल्शियम. शिवाय दाण्यांतला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात असतो आणि हे फायटेट आतड्यात कॅल्शियमला धरून ठेवतं, ते शरीरात शोषलं जाऊ देत नाही. म्हणजे नुसत्या दाण्यांचा आहार कॅल्शियम देत तर नाहीच, वर असलेलंही अडवून धरतो.

आपल्याकडे कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं. अंड्यांच्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असावं लागतं आणि त्यासाठी त्यात चुनखडी, शिंपल्यांचा चुरा मिसळतात. राळ्यातलं प्रमाण त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे. तो शेतकरी कोंबडीला नुसती बाजरी टाकून रोज अंडं मागणार नाही. आपण मात्र शोभेच्या पक्ष्याकडून नेमकी तीच अपेक्षा करतो. पण म्हणून कोंबडीखाद्य आणून बजरीगरला घालू नका बरं का. तेवढं कॅल्शियम या छोट्या पक्ष्यांना फार जास्त होतं. त्याबद्दल पुढे सांगतेच.

कोणी विचारील, मग रानातले पक्षी काय करतात? त्यांना कोण औषध देतं? रानातला पक्षी शोधतो. चिमण्या जुन्या भिंतींचा चुना टोचताना पुष्कळांनी पाहिल्या असतील. काही पक्षी गोगलगाईंचे शंख खातात. याबाबत नेदरलँड्समधलं एक संशोधन फार बोलकं आहे. तिथल्या काही जंगलांत रामगंगेच्या जातकुळीतल्या छोट्या पक्ष्यांची अंडी पातळ कवचाची, सच्छिद्र निघायला लागली. शोध घेतल्यावर कळलं, की आम्लयुक्त पावसामुळे जमिनीतला चुना कमी झाला, म्हणून गोगलगाई कमी झाल्या, आणि गोगलगाई कमी झाल्या म्हणून पक्ष्यांना कवचासाठी चुना मिळेना. संशोधकांनी त्या पक्ष्यांना गोगलगाईचे शंख आणि कोंबडीच्या अंड्यांची टरफलं पुरवली, तेव्हा अंडी सुधारली. हे १९९४ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. ज्या पक्ष्यांना अख्खं जंगल मोकळं होतं, त्यांची ही गत. पिंजऱ्यातल्या पक्ष्याला तर शोधायला जाताही येत नाही. आपण आणून ठेवू तेवढंच त्याचं जंगल.

म्हणून आता आणून काय ठेवायचं, ते सांगते.

पहिली वस्तू समुद्रफेस. कोणी समुद्रफेन म्हणतात. पांढरा, होडीच्या आकाराचा, हातात घेतला तर अगदी हलका. हा समुद्राचा फेस नव्हे आणि माशाचं हाडही नव्हे. माकूल या समुद्री प्राण्याच्या अंगातलं ते आतलं कवच असतं. प्राणी मेल्यावर ते पाण्यावर तरंगत किनाऱ्याला लागतं. कोकणातल्या मंडळींनी ते किनाऱ्यावर पुष्कळदा पाहिलेलं असेल. ते जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटच असतं. पक्ष्यांच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतं. किनाऱ्यावरून आणलंत तर दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात भिजत ठेवा, पाणी रोज बदला, म्हणजे मीठ निघून जाईल, आणि मग कडक उन्हात वाळवा. पिंजऱ्यात दांडीच्या जवळ, मऊ बाजू पक्ष्याकडे येईल असं तारेने बांधा. काही पक्षी आठवडेच्या आठवडे त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. तेव्हा सुरीने थोडी पूड खरवडून भाजीवर भुरभुरवा. फिंचसारख्या नाजूक चोचीच्या पक्ष्याला तर पूडच द्यावी.

दुसरी वस्तू आपल्या स्वयंपाकघरातच असते आणि आपण ती केराच्या टोपलीत टाकतो. अंड्याचं टरफल! कोंबडीच्या एका टरफलात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. टरफल स्वच्छ धुऊन, आतला पापुद्रा काढून, दहा मिनिटं चांगलं उकळा. कच्चं टरफल देऊ नका, त्यातून साल्मोनेला जंतूंचा संसर्ग होऊ शकतो. मग वाळवून, तव्यावर कोरडं भाजून खलबत्त्यात बारीक कुटा. एका पक्ष्याला चिमटीत मावेल एवढी पूड पुरते.

इथे एक महत्त्वाची सूचना. ही पूड कोरड्या दाण्यांवर टाकू नका. पोपटाच्या कुळातले पक्षी दाणा सोलून खातात. पूड सालाला चिकटते आणि सालाबरोबर खाली पडते. मालक समाधानी, पक्षी उपाशी! पूड नेहमी ओल्या पदार्थावर टाकावी. चिरलेली भाजी, भिजवून मोड आणलेले दाणे, उकडून कुस्करलेलं अंडं.

तिसरी गोष्ट हिरवा पाला. यात निवड करावी लागते. शेवग्याचा पाला आणि मेथी या दोन्हींत शंभर ग्रॅममागे साधारण ३०० ते ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि फॉस्फरस त्या मानाने कमी. मुळ्याचा पाला, कोथिंबीर हेही चांगलं. शेवगा तर आपल्याकडे परसात, रस्त्याच्या कडेला, सोसायटीच्या कुंपणाशी कुठेही असतो. पालक मात्र फसवा. त्यात कॅल्शियम दिसतं, पण त्यातली ऑक्झॅलेट्स ते बांधून टाकतात. चुका, माठ, राजगिरा यांचंही तसंच. कधीतरी चाखायला हरकत नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नये. पाला कोणताही असो, फवारणीच्या औषधाचा अंश राहू नये म्हणून भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुऊन घ्यावा.

चौथी आपली नाचणी. राळ्यात ३० मिलिग्रॅम, तर नाचणीत सुमारे ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम. दहापटीहून जास्त! नाचणीतही फॉस्फरस आणि फायटेट आहेत, त्यामुळे नुसत्या नाचणीने भागणार नाही. पण रोजच्या दाण्यांत तिचा वाटा ठेवला, आणि तीही भिजवून मोड आणून दिली, तर राळ्यापेक्षा कितीतरी बरं.

आता काय देऊ नये, तेही सांगते. पुष्कळ घरांत, विशेषतः आजी-आजोबांच्या हातून, पक्ष्याला दूधपोळी किंवा दूधभात दिला जातो. भावना अशी, की दुधात कॅल्शियम असतं. असतं हे खरं. पण पक्षी हा सस्तन प्राणी नाही. दुधातली साखर पचवण्याची सोय त्याच्या आतड्यात नाही. जास्त दुधाने त्याला जुलाब होतात. काही जण चुन्याची निवळी द्यावी का, असं विचारतात. खाण्याचा चुना तीव्र अल्कधर्मी असतो, इवल्याशा पक्ष्याच्या तोंडाची आणि अन्ननलिकेची त्याने आग होऊ शकते. अंदाजपंचे असलं काही देऊ नये. पिंजऱ्यात टांगायच्या रंगीत खनिजवड्या मिळतात. त्यात काय आहे ते वेष्टनावर लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. आणि मोकळा सोडलेला पक्षी भिंतीचा जुना रंग कुरतडत असेल तर त्याला आवरा. जुन्या तैलरंगांत शिसं असू शकतं आणि शिशाची विषबाधा जिवावर बेतते.

एवढं सगळं दिलं तरी काम अर्धंच झालं. कॅल्शियम पोटात गेलं म्हणजे रक्तात गेलं असं नाही. आतड्यातून ते आत घ्यायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि पक्ष्यांना त्यातलं डी-थ्री हेच रूप नीट वापरता येतं. दाण्यांत आणि पाल्यात ते जवळजवळ नसतंच. ते तयार होतं उन्हात. सूर्यप्रकाशातले अतिनील 'ब' किरण पक्ष्याच्या पिसं नसलेल्या त्वचेवर, म्हणजे पायांवर आणि चेहऱ्याभोवती पडतात, तेव्हा.

"आमच्या दिवाणखान्यात भरपूर उजेड येतो," असं लोक सांगतात. येत असेल, पण काचेतून येतो. खिडकीची काच उजेड आत सोडते, ऊब आत सोडते, हे किरण मात्र बाहेरच अडवते. म्हणून ऊन काचेतून नको, थेट हवं. जाळी चालेल. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटं पुरेत. उन्हाळ्यात त्याआधीच घ्यावं. अर्धा पिंजरा सावलीत राहील अशी व्यवस्था करा, म्हणजे पक्ष्याला हवं तेव्हा बाजूला होता येईल. आणि स्वतः जवळ थांबा. मांजर, कावळा, घार कधी झडप घालतील याचा नेम नसतो, आणि उन्हात विसरलेला पिंजरा म्हणजे तर मृत्यूच. पावसाळ्याच्या चार महिन्यांत ऊन दुर्मीळ होतं. त्या काळात पक्ष्यांच्या डॉक्टरांना विचारून डी-थ्री असलेलं औषध द्यावं लागू शकतं.

आफ्रिकन ग्रे पाळणाऱ्यांनी तर याकडे विशेष लक्ष द्यायला हवं. हा पक्षी बुद्धिमान म्हणून प्रसिद्ध आहे. आम्हा डॉक्टरांना मात्र तो आणखी एका कारणासाठी माहीत आहे. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की ते हाडांतून ओढून घेणं त्याला इतर पोपटांइतकं जमत नाही असं दिसतं. मग थरथर, तोल जाणं आणि शेवटी फेफऱ्यासारखे झटके. ब्रिटनमधले पशुवैद्यक मायकेल स्टॅनफर्ड यांचा २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास असा, की या पक्ष्यांना अतिनील 'ब' प्रकाश दिल्यावर त्यांच्या रक्तातलं कॅल्शियम सुधारलं. म्हणजे सूर्यफुलाच्या बियांवर वाढणाऱ्या, काचेआड राहणाऱ्या ग्रेला दुहेरी धोका. जाता जाता सांगते, या पक्ष्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधनं आहेत आणि आपल्या देशात तो बाळगणाऱ्याने सरकारदरबारी नोंदणी करणं बंधनकारक आहे.

आता अतिरेकाबद्दल. माणसांची कॅल्शियमची गोळी कुटून पाण्यात टाकणारे लोक मी पाहिले आहेत. जरा विचार करा. पन्नास किलोच्या माणसासाठी केलेली गोळी आणि ३५ ग्रॅमचा पक्षी; दोघांच्या वजनात चौदाशेपट फरक आहे. त्या गोळीत पुष्कळदा डी-थ्रीही असतं. ते जास्त झालं तर चुना हाडांत न बसता मूत्रपिंडात बसतो. मकाव जातीचे पोपट तर डी-थ्रीच्या अतिरेकाला फार लवकर बळी पडतात. समुद्रफेस, टरफल, पाला यांचा फायदा हा, की त्यांत डी-थ्री नसतं, आणि समुद्रफेस तर पक्षी स्वतःच्या गरजेप्रमाणे खरवडतो. औषधं मात्र डॉक्टरांनी मात्रा ठरवल्याशिवाय नकोत. आणखी एक बारकावा. पक्ष्याला डॉक्सीसायक्लीनसारखं प्रतिजैविक चालू असेल तर तेवढे दिवस समुद्रफेस काढून ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचारा. कॅल्शियम त्या औषधाला बांधून ठेवतं.

श्रोतेहो, हे सगळं मी इतक्या कळकळीने का सांगते आहे, त्याचं कारण तुम्हाला सांगायला हवं. एका रविवारी एक गृहस्थ आपल्या सहावीतल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलीच्या हातात बुटांचं खोकं, खोक्यात रुमालावर एक निळी बजरीगर मादी. पिसं फुलवलेली, डोळे अर्धे मिटलेले, शेपूट श्वासागणिक वरखाली होत होती. आदल्या दिवशी सकाळपासून ती पिंजऱ्याच्या तळाशी बसून होती. दिवाळीपासूनची तिची ती चौथी खेप होती. खाण्यात राळा, फक्त राळा. पोटाला हात लावताच अंडं लागलं. तपासलं तर त्याचं कवच मऊ होतं. आम्ही ऊब दिली, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. पण अंडं अडून एक दिवस उलटून गेला होता. अर्ध्या तासात ती गेली. वडील पुन्हा पुन्हा एकच म्हणत होते, "खाण्यात कधी कमी केलं नाही हो." मुलगी काहीच बोलली नाही. तिने खोक्याचं झाकण लावलं आणि ते घट्ट धरून बसली. त्या घरात मायेची कमतरता नव्हती. ज्यांनी त्यांना पक्षी, पिंजरा आणि दाणे विकले, त्यांच्यापैकी कोणी हे चार शब्द सांगितले नव्हते, एवढंच.

कॅल्शियम कमी पडलं की मादीवर दोन बाजूंनी घाला येतो. कवच मऊ होतं, आणि ते अंडं बाहेर ढकलणारे स्नायूही दुबळे पडतात, कारण आकुंचनाला कॅल्शियमच लागतं. म्हणून अंडं अडतं. लक्षणं ओळखायला शिका. मादी पिसं फुलवून तळाशी बसते, कुंथते, शेपूट वरखाली हलते, कधी पाय लुळे पडतात, कारण अंड्याचा दाब पायांकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर येतो. असं दिसलं तर 'उद्या बघू' म्हणू नका. ही तासांची लढाई असते. तिला छोट्या खोक्यात ठेवा, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवा. पूर्वी साठ वॅटचा दिवा लावायचे. आताचे एलईडी दिवे ऊब देत नाहीत, हे लक्षात असू द्या. पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न अजिबात करू नका. अंडं आत फुटलं तर मादी दगावते. तेल, एरंडेल असले प्रयोग नकोत. तडक डॉक्टरांकडे जा.

एक गैरसमजही दूर करते. "आमच्याकडे एकच पक्षी आहे, नर नाही, मग अंड्याचा प्रश्न येतोच कुठे?" प्रश्न येतो. नराशिवायही मादी अंडी घालते. त्यातून पिल्लं निघत नाहीत इतकंच. कवचाला चुना तेवढाच लागतो. म्हणून आपला पक्षी नर की मादी हे माहीत हवं. मोठ्या बजरीगरच्या चोचीच्या वर, नाकपुड्यांभोवती जो मऊ भाग असतो, तो बहुतेक नरांत निळा आणि अंड्यावर येणाऱ्या मादीत तपकिरी असतो.

आणि शेवटची, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. चुना भरत राहणं जितकं गरजेचं, तितकंच तो उगाच खर्च होऊ न देणं. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानावर हा पक्षी पाऊस पडून गवताला दाणे आले की मगच अंडी घालतो, नाहीतर भटकत राहतो. आपल्या घरात त्याला रोजच सुगी असते. वाटी भरलेली, टांगलेलं मडकं तयार, आणि रात्री अकरापर्यंत दूरदर्शन संचाचा नि दिव्यांचा लखलखाट. लांबलेला दिवस म्हणजे विणीचा हंगाम, असं तिचं शरीर समजतं. मग खेपेमागून खेप सुरू राहते. तेव्हा वर्षातून दोनदाच वीण होऊ द्या. एरवी मडकं काढून ठेवा. संध्याकाळी सात-आठला पिंजरा शांत, अंधाऱ्या खोलीत न्या. एकटी मादी अंडी घालू लागली तर ती लगोलग उचलू नका. उचलली की भरपाई म्हणून ती आणखी घालते. बसू द्या, तिचा नाद ओसरल्यावर काढा.

पिल्लांच्या बाबतीतही हेच. पिल्लाचं हाड महिनाभरात तयार होतं, आणि आईबापांच्या चोचीतून जे मिळेल त्यातूनच होतं. आईबापांच्या खाण्यात चुना नसेल तर पिल्लाचे पाय वाकडे होतात आणि ते पुढे कधी नीट दांडीवर बसू शकत नाही. म्हणून मडकं टांगण्याआधी महिनाभर तरी समुद्रफेस, पाला, ऊन यांची सवय लागलेली असावी. अंडी दिसल्यावर केलेली धावपळ उशिराची ठरते.

यातल्या कशालाही फार खर्च नाही. घरात मुलं असतील तर ही कामं त्यांच्याकडे द्या. टरफल कुटणं, शेवग्याची चार पानं तोडून आणणं, सकाळी पिंजऱ्याशेजारी पाठ्यपुस्तक घेऊन पंधरा मिनिटं बसणं, हे मुलं आनंदाने करतात. आणि आठवड्यातून एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर पक्ष्याचं वजन करून वहीत लिहून ठेवायला सांगा. पक्षी आपला आजार लपवतो, पण वजनाचा आकडा त्याला लपवता येत नाही.